हुतात्मा चौकात एकाच दिवशी १०६ जण पडले?

दर नोव्हेंबरात एक संदेश फिरतो: '२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला एकाच गोळीबारात १०६ हुतात्मे झाले.' भावना खरी आहे, हिशेब मात्र चुकतो.

त्या दिवशी तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी १५ जण गेले. मोठा आकडा संयुक्त महाराष्ट्राच्या साऱ्या लढ्याचा आहे. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुढचे काही दिवस गिरणगाव, गिरगाव पेटले. बहुतेक बळी त्या आठवड्यातले, आणि त्यांत शाळकरी वयाची मुलंही होती. गैरसमज का रुजला, हेही उघड आहे: स्मृतिदिन एक, स्मारक एक, म्हणून घटनाही एकच वाटते.

पडताळा घरबसल्या घेता येतो. हुतात्म्यांची नावनिशीवार यादी उघडा आणि शेवटापर्यंत वाचा. तिथे बेळगाव आणि निपाणी ही गावं येतात. निपाणीचं माणूस फाउंटनला कसं पडेल? मग ग्रंथालयात २२ नोव्हेंबर १९५५ आणि १७ ते २३ जानेवारी १९५६ चे वर्तमानपत्रांचे अंक शेजारी ठेवून पाहा. १०५, १०६, १०७ हे वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका, यादीत नावं मागाहून वाढली आहेत.

आणखी एक. फूल वाहायचं ते कारंज्याला नव्हे. ते १८६४ चं आहे. स्मारक त्याच्या शेजारी, मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं. संदेश पुढे पाठवताना आकड्याऐवजी एखादं नाव, गाव आणि तारीख लिहा. गिरगावातल्या पोराचा जानेवारी नोव्हेंबरात हरवता कामा नये.