प्रवाळाचा फोटो निळाच का येतो?

समुद्री टँकमधलं प्रवाळ समोर उभं राहून पाहिलं तर हिरव्या, केशरी, गुलाबी रंगांनी झगमगताना दिसतं. तेच मोबाइलवर टिपलं की स्क्रीनभर निळाई आणि तिच्यात कुठेतरी फिकट ठिपके. मग ॲपमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवून बघायचं, फोटो आणखीच निळा झाला की रंग-तापमानाचा स्लायडर पिवळ्याकडे ओढायचा, आणि वाळू तपकिरी, प्रवाळ भडक झालं की नाद सोडून द्यायचा. यात सॉफ्टवेअरचा दोष थोडाच. निळा प्रकाश डोळा एका मापाने मोजतो आणि कॅमेरा दुसऱ्याच.

टँकवरच्या एलईडींचा मुख्य जोर ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे गडद निळ्यावर असतो. जोडीला बऱ्याचदा ४०० ते ४२० चा जांभळा. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोहोचतो. प्रवाळाच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवालं त्या निळ्यावरच आपलं अन्न बनवतात, म्हणून दिवेही तसेच.

आता डोळ्याचं बघा. लख्ख उजेडात आपला डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला. तेवढ्याच शक्तीचा ४५० चा निळा प्रकाश त्याला त्याच्या जेमतेम ४ टक्के इतकाच उजळ वाटतो. ५१० चा हिरवा मात्र सुमारे ५० टक्के. म्हणजे टँकमध्ये निळ्याचा पूर आलेला असला तरी डोळ्याला तो मंदच भासतो आणि प्रवाळातून निघणारा थोडासा हिरवा प्रकाश उठून दिसतो. कॅमेऱ्याला अशी सवलत नाही. सेन्सरवरच्या निळ्या फिल्टरखालचे पिक्सेल नेमके ४५० च्या आसपासच तरबेज असतात. ते काठोकाठ भरतात, लाल पिक्सेलांच्या वाट्याला मात्र फारसं काही येत नाही.

आणि तो हिरवा येतो कुठून? बऱ्याच प्रवाळांमध्ये निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकणारी प्रथिनं असतात. या कुळातलं पहिलं, हिरवं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळं केल्याचं प्रसिद्ध झालं. २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डिस्कोसोमा या प्रवाळाच्या नातलगातलं लाल प्रथिन १९९९ मध्ये जगासमोर आलं. फोटोच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की हा रंग परावर्तित नसतो. दगड, वाळू, काच दिव्याचाच निळा प्रकाश परत पाठवतात. प्रवाळ स्वतःचा वेगळा रंग सोडतं. एकाच चौकटीत दोन प्रकारचे रंग, आणि व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणाऱ्या सोयीला, हे ठाऊकच नसतं. ती लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलांचा प्रत्येकी एक गुणक ठरवते आणि तो चौकटभर सारखाच लावते. वाळू पांढरी करायला गेलात तर लालचा गुणक अवाच्या सवा वाढतो, आणि हिरवं प्रवाळ पिवळं, केशरी प्रवाळ निखाऱ्यासारखं होऊन बसतं. सावल्यांमध्ये लाल दाणे उमटतात ते वेगळेच.

तापमानाच्या स्लायडरची अडचण त्याहून मूलभूत आहे. केल्विनची ही मोजपट्टी तापलेल्या वस्तूच्या रंगावरून ठरलेली. वस्तू जितकी तापेल तितकी निळसर, पण त्यालाही हद्द आहे: तापमान अनंतापर्यंत नेलं तरी रंग फिकट निळ्याच्या पुढे जात नाही. नुसत्या गडद निळ्या एलईडीचा रंग त्या हद्दीच्या बाहेर पडतो. लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलचा (सेन्सरची कच्ची नोंद) स्लायडर ५०,००० केल्विनपर्यंत जातो, आणि तिथे टेकवूनही फोटो निळाच राहतो तो यामुळे.

तेव्हा खरं काम शटर दाबण्याआधीचं. लेन्ससमोर पिवळा किंवा केशरी फिल्टर धरला की निळा सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच छाटला जातो. माझ्या मते हा साधा तुकडा कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी. दुसरं, एक्स्पोजर ठरवताना एकूण हिस्टोग्राम, म्हणजे अंधाऱ्यापासून उजळापर्यंत किती पिक्सेल आहेत याचा आलेख, न पाहता निळ्या चॅनेलचा, म्हणजे फक्त निळ्या रंगाचा, पाहा. तो उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथली माहिती गेलीच, ती नंतर कोणी परत आणू शकत नाही. रॉमध्येच टिपा: जेपीईजीत प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उपाशी लाल चॅनेल ताणायचा असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. आणि काचेला काटकोनात उभे राहा, पंप थांबवा.

एडिटिंगमध्ये वाळू पूर्ण पांढरी करायचा अट्टहास सोडा. तापमान इतकंच वाढवा की दगड निळसर-करडे दिसतील. जांभळी झाक उरली तर टिंट (हिरवा-किरमिजी तोल साधणारा स्लायडर) हिरव्याकडे सरकवा. मग रंगनिहाय स्लायडरमध्ये फक्त निळ्याचं सॅच्युरेशन आणि उजळपणा खाली आणा. हिरव्या-केशरीला हात लावू नका. दिव्याचा निळा आणि प्रवाळाचा हिरवा यांच्यावर असं वेगवेगळं काम होतं. मोजमाप एकच: टँकसमोर उभं राहून जे दिसलं ते. शक्य असेल तर लॅपटॉप टँकशेजारीच ठेवून एडिट करावं, पण नजर एका उजेडाला सरावली की दुसरीकडचे रंग फसवे वाटतात, त्यामुळे मान वळवल्यावर जरा थांबावं.

विक्रीसाठी टाकलेल्या प्रवाळाच्या फोटोत आधी कडेचा दगड आणि प्रवाळ ज्यावर चिकटवलंय तो करडा प्लग बघा. प्लगच झगझगीत जांभळा दिसत असेल तर प्रवाळाच्या रंगावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

फाइल बाहेर काढताना एसआरजीबी ही बहुतेक स्क्रीनना समजणारी रंगांची ठराविक व्याप्ती निवडा, नाहीतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर रंग मलूल पडण्याची शक्यता असते. तरीही प्रवाळातला निळसर-हिरवा पुरता उतरणार नाही. असे बरेच रंग एसआरजीबीच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि कोणताही स्लायडर तिथपर्यंत पोहोचत नाही.