मायावरण, कोळ्यांचे

रंग, आकार आणि बसण्याची ढब भोवतालाशी जुळवून शत्रूच्या नजरेतून सुटण्याची कोळ्यांची रीत. हिला छद्मावरण असेही म्हणतात. कोळी स्वतः शिकारी असला, तरी पक्षी, सरडे, पाली आणि कुंभारीण माशी यांच्या लेखी तो मऊ पोटाचा आयता घास असतो. उडून जाण्याची सोय त्याला नाही आणि बहुतेक जातींचे विष किडामुंगीपुरतेच असते. त्यामुळे दिवसाउजेडी नजरेस न पडणे हाच त्याचा मोठा बचाव.

सोलापूर भागात हे पाहायला घनदाट जंगल लागत नाही. नान्नजचा माळ, मुरमाड बरड, काळ्या रानातली ज्वारी-करडई, बांधावरची बाभूळ आणि रस्त्याकडेचा कडुलिंब एवढे पुरते. आडोसा कमी असल्याने इथल्या कोळ्यांना बऱ्याचदा उघड्यावरच लपावे लागते. विणकरांच्या या शहरातल्या तेलुगू भाषिकांत कोळ्याला ‘सालेपुरुगु’, म्हणजे विणकर किडा, असे नाव आहे. गंमत अशी, की लपण्यात सर्वांत पटाईत असलेले इथले बरेचसे कोळी शिकारीसाठी जाळे विणतच नाहीत.

खोडावरचा हर्सिलिया हा त्यांतला उत्तम नमुना. कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या खोडाशी सकाळच्या तिरप्या उन्हात तोंड नेऊन पाहावे. आधी नुसती साल दिसते. मग सालीचा एक सेंटिमीटरभर तुकडा जरा जास्तच चपटा वाटतो, त्याच्या मागे दोन बारीक शेपट्या दिसतात आणि बाजूला पसरलेले लांबसडक पाय उमगतात. या शेपट्या म्हणजे धागा काढण्याचे अवयव. कोळी बहुधा डोके खाली करून खोडाला इतका चिकटून बसतो, की त्याची सावली जवळजवळ पडत नाही. शरीराच्या सावलीने प्राण्याचा उठाव कळतो. ती सावलीच घालवली, की राखी-तपकिरी ठिपक्यांचे काम निम्मे होऊन जाते. बोट जवळ नेले, की तो क्षणात खोडाच्या पलीकडे. किडा टप्प्यात आला, की त्याच्याभोवती गरगर फिरून त्याला धाग्यांनी खोडालाच जखडतो. सगळी कला स्थिर राहण्यात आहे. हालला की दिसला.

फुलावर बसणाऱ्या खेकडा कोळ्यांचा (थॉमिसस व त्याचे नातलग) भर मात्र रंगावर. पांढरे, पिवळे असे हे कोळी पुढचे दोन जोड पाय फाकवून पाकळीवर दबा धरतात. करडईच्या किंवा बाभळीच्या पिवळ्या फुलावर मधमाशी उगाचच निपचित लोंबकळताना दिसली, तर तिच्याखाली कोळी असण्याचा संभव मोठा. काही जातींना पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पुन्हा पांढरा रंग करता येतो. युरोप व उत्तर अमेरिकेतल्या मिसुमेना व्हॅटिया या जातीत हा पालट नीट अभ्यासला गेला आहे. त्वचेखालच्या पेशींत पिवळे रंगद्रव्य भरले, की कोळी पिवळा दिसतो. ते ओसरले, की आतल्या ग्वानीन स्फटिकांमुळे पांढरा. सरड्यासारखा हा झटपट खेळ नाही, त्याला कित्येक दिवस लागतात.

पण लपणे हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरते. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, आपल्याला नाही. ऑस्ट्रेलियातील थॉमिसस स्पेक्टॅबिलिस ही जात आपल्याला पांढऱ्या फुलात विरघळल्यासारखी वाटते, मधमाशीला मात्र ठळक दिसते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असा कोळी बसलेल्या फुलांकडेच मधमाश्या अधिक ओढल्या गेल्या. तेव्हा फुलावरच्या प्रत्येक कोळ्याला सरसकट ‘लपलेला’ म्हणणे घाईचे आहे.

जाळे विणणाऱ्यांत सायक्लोसा वेगळ्या वाटेने जातो. जाळ्याच्या मध्यातून उभी, कचऱ्याची एक माळ तो रचतो. तीत खाऊन टाकलेल्या किड्यांची टरफले, पालापाचोळा, काही जातींत अंड्यांच्या पिशव्याही असतात. माळेच्या मध्ये पाय मुडपून बसला, की तोही कचऱ्याचाच एक मणी. घर झाडताना अशी माळ जळमट म्हणून आपण सहज पुसून टाकतो. तैवानमधल्या एका जातीवरच्या अभ्यासात (2009) दिसले, की माळेतले मणी आकार-रंगाने कोळ्यासारखेच असल्याने गांधीलमाश्या अनेकदा कोळ्याऐवजी मण्यांवरच झडप घालतात. मात्र अशा सजवलेल्या जाळ्यांकडे त्या जास्त येतातही. अर्जिओपी कोळ्याच्या जाळ्यातली पांढरी नागमोडी फुली बचावासाठी, की भक्ष्य ओढण्यासाठी, यावर अजून एकमत नाही.

पाण्याकाठचे टेट्राग्नाथा लव्हाळ्याच्या पातीला समांतर पाय ताणून काडी होतात. पॉल्टिस दिवसा मोडक्या फांदीच्या खुंटासारखा बसतो. पुढचे पाय मिशांसारखे उचलून मुंगी बनणाऱ्या मिर्माराक्नीला मात्र या नोंदीत बसवू नये. तो दिसतो, पण मुंगी म्हणून दिसतो. त्याला अनुकृती म्हणतात.

माळावरचे लांडगा कोळी दिवसा मुरमात सापडत नाहीत. रात्री बॅटरी कपाळाशी धरून पाहिले, तर त्यांचे डोळे दवबिंदूंसारखे चमकतात आणि दिवसभराचे सोंग उघडे पडते.

कुंभारीण माशीपुढे मात्र दिवसाचे सोंगही नेहमी टिकत नाही. दाराच्या चौकटीवरचे तिचे मातीचे घर फोडले, तर एकेका खणात डंखाने लुळे केलेले, पण जिवंत कोळी कोंबलेले सापडतात. त्यांत हिरवे असतात, पिवळे असतात, सालीच्या रंगाचेही असतात, आणि एकाच्या पोटावर माशीचे पांढरे अंडे चिकटलेले असते.