स्प्ले आणि मूव्ह-टू-रूट: रोटेशन तेवढीच, हिशेब वेगळा

बेळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांची डेटा स्ट्रक्चरची वही तपासायला घेतली की हे हटकून सापडतं: मथळा स्प्ले ट्रीचा आणि आकृती मूव्ह-टू-रूटची. मुलांना तरी काय बोलणार? दोन्ही बायनरी सर्च ट्रीवर चालतात, म्हणजे प्रत्येक नोडच्या (नोंदीच्या) डावीकडे क्रमाने आधीच्या आणि उजवीकडे नंतरच्या नोंदी असतात आणि शोध सगळ्यात वरच्या नोडपासून, म्हणजे रूटपासून, खाली उतरत जातो. दोन्हींत शोधलेला नोड फिरवत फिरवत रूटवर आणायचा असतो, आणि रोटेशन (क्रम न मोडता नोड एक पायरी वर चढवून त्याच्या वरचा नोड खाली घेणं) मोजली तर तीही सारखीच भरतात.

मूव्ह-टू-रूट १९७८ चं, ॲलन आणि मन्रो यांचं. नोड दरवेळी आपल्या पेरेंटवरून, म्हणजे लगेच वरच्या नोडवरून, फिरवायचा, रूट येईपर्यंत. स्प्ले ट्री स्लीटर आणि टार्जन यांनी १९८५ मध्ये मांडलं. त्यात ग्रँडपेरेंटही, म्हणजे पेरेंटचा पेरेंटही, बघावा लागतो. नोड आणि पेरेंट एकाच बाजूला असतील, म्हणजे झिग-झिग असेल, तर आधी पेरेंट ग्रँडपेरेंटवरून फिरवायचा, मगच नोड. बाजू उलटसुलट असतील तर काम हुबेहूब मूव्ह-टू-रूटसारखं. म्हणूनच नागमोडी उदाहरण घेतलं की दोन्ही उत्तरं जुळतात आणि गैरसमज आणखी घट्ट होतो. फरक बघायचा तर सरळ साखळीच घ्या.

नोडच्या जागी गावं घेऊ आणि ती अकारविल्हे लावू. रूटला येळ्ळूर, त्याच्या डावीकडे निपाणी, मग खानापूर, मग काकती आणि तळाला उचगाव. आता उचगाव शोधा: पाच नोड बघितले, चार रोटेशन. मूव्ह-टू-रूटने उचगाव वर येतं, त्याच्या उजवीकडे येळ्ळूर आणि येळ्ळूरच्या डावीकडे निपाणी, खानापूर, काकती अशीच रांग. साखळी मोडलीच नाही. उलट काकती पूर्वीपेक्षा एक पायरी खाली गेली. स्प्लेनेही चारच रोटेशन होतात, पण उचगावच्या उजवीकडे निपाणी येतं, निपाणीच्या एका हाताला काकती, दुसऱ्या हाताला येळ्ळूर, आणि काकतीखाली खानापूर. काकतीला आता तीन नोडमध्ये पोचता येतं, तिकडे पाच लागतात.

अशीच पाचही गावं ओळीने शोधली तर मूव्ह-टू-रूटमध्ये ५, ५, ४, ३, २ मिळून १९ नोड बघावे लागतात, स्प्लेमध्ये ५, ३, ३, २, २ मिळून १५. एवढ्याने कुणाला काय वाटणार! पण गावं १,००० केली तर मूव्ह-टू-रूटचा आकडा ५ लाखांवर जातो आणि फेरी संपल्यावर मूळ साखळी जशीच्या तशी हजर, पुढची फेरी तेवढीच महाग. स्प्लेलाही शेवटी साखळीच होते, पण ओळीने शोधण्याचा एकूण खर्च नोडच्या संख्येच्या ठराविक पटीतच राहतो. हे टार्जनने १९८५ मध्येच सिद्ध केलं.

मग मूव्ह-टू-रूट टाकाऊ का? मुळीच नाही. प्रत्येक शोध स्वतंत्र असेल आणि शक्यता ठरलेल्या असतील, तर त्याचा सरासरी खर्च सर्वोत्तम स्थिर (कधीच न फिरणाऱ्या) ट्रीच्या साधारण १.३९ पटीत राहतो. फक्त ही हमी संभाव्यतेवर उभी आहे. स्प्लेची हमी अमॉर्टाइज्ड, म्हणजे सगळ्या शोधांवर वाटून काढलेली, आहे: शोध कुणी मुद्दाम वाईट क्रमाने दिले तरी एकूण खर्च प्रत्येकी लॉग एनच्या हिशेबात बसतो (एन म्हणजे नोडची संख्या; ती दुप्पट झाली तरी लॉग एन एकानेच वाढतो). एखादा शोध मात्र अख्खी साखळी उतरायला लावू शकतो, पहिलं उचगाव आठवा. दोन्हींपुढे ‘सरासरी लॉग एन’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मी तरी अर्धे मार्क कापतो.

स्लीटर-टार्जन यांचा दावा खरं तर याहून मोठा होता: शोधांचा क्रम आधीच ठाऊक असणाऱ्या, हवं तसं फिरणाऱ्या सर्वोत्तम बायनरी सर्च ट्रीच्याही ठराविक पटीत स्प्ले राहतं. तो आजवर सिद्ध झालेला नाही आणि खोटाही ठरलेला नाही. २००४ मध्ये टँगो ट्री आलं, त्याच्यासाठी ही पट लॉग लॉग एन (लॉग एनचाही लॉग) असल्याचं सिद्ध झालं. स्प्लेसाठी सिद्ध झालेली पट अजून लॉग एनवरच आहे.