आंबेडकर, भीमराव रामजी : आरोग्य व राज्यकारभारविषयक विधिमंडळीय भाषणे

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) हे १९२७ पासून मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलाचे सरकारनियुक्त सभासद होते. १९३७ मध्ये ते भायखळा-परळ भागातून प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. या तिन्ही टप्प्यांतील भाषणांपैकी लोकांचे आरोग्य आणि सरकारचा कारभार यांना स्पर्श करणारी तेवढी येथे विचारात घेतली आहेत. घटना समितीतील कामगिरी सर्वपरिचित असल्याने वगळली आहे.

आरोग्य हा त्यांचा स्वतंत्र विषय नव्हता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला शोभेल अशा रीतीने ते त्याकडे अंदाजपत्रकातून वळत. खर्च कोणी सोसायचा आणि सोय कोणाच्या हाती राहणार, हे दोन प्रश्न त्यांच्या भाषणांत पुन्हा पुन्हा येतात. मार्च १९२७ मधील शिक्षणखर्चावरील भाषण या पद्धतीचा नमुना म्हणता येईल. इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि अबकारीतून माणशी २ रुपयांहून अधिक वसूल होतात, असे आकडे शेजारी शेजारी ठेवून दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी मागणी त्यांनी केली. १९३९ च्या सुमारास काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीला अग्रक्रम दिला तेव्हा त्यांनी विरोध केला. दारूबंदीने अबकारीचे हेच उत्पन्न बुडणार होते. त्यामुळे विरोधाचे मूळ या जुन्या हिशेबात शोधावे लागते. तो दारूचा कैवार नव्हता.

प्रसूतिभत्ता : गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक आर. एस. आसवले या सभासदांनी मुंबई कौन्सिलात आणले होते. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचा तशाच स्वरूपाचा प्रयत्न केंद्रीय कायदेमंडळात त्यापूर्वीच फसला होता. २८ जुलै १९२८ रोजी आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वास्तविक सरकारनेच उचलला पाहिजे, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकले. विरोधकांच्या हातचा मुद्दाच त्यामुळे गेला. मात्र मालक त्यातून सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुषांऐवजी बायका कामावर ठेवण्यात मालकाचा खास फायदा असतो. तो फायदा घेणाऱ्याने भाराचा काही भाग उचलावा, हे वाजवीच आहे. भाषण लहान आहे आणि त्यात करुणेचा सूर जवळजवळ नाही. १९२९ मध्ये कायदा झाला व मुंबईसारख्या मोठ्या शहरांत दिवसाला ८ आणे भत्ता ठरला. देशातील या प्रकारचा हा पहिला कायदा मानला जातो.

संततिनियमनाचा ठराव : या प्रकरणाबद्दल बरीच गफलत आढळते, म्हणून तपशील थोडा विस्ताराने देणे भाग आहे. ‘आंबेडकरांनी १९३८ मध्ये कुटुंबनियोजनाचे विधेयक मांडले’ असे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते. त्यातला ‘विधेयक’ हा शब्द चुकीचा आहे आणि ‘मांडले’ हाही पूर्णपणे बरोबर नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेपुढे आला तो बिनसरकारी ठराव होता. तो मंजूर झाला असता तरी कायदा झाला नसता. सरकारला शिफारस एवढेच त्याचे बळ. कुटुंबे मर्यादित ठेवण्याची निकड लक्षात घेऊन सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध कराव्यात, असा त्याचा आशय होता. सभागृहात तो मांडला आंबेडकरांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाचे अहमदनगरकडील सभासद प्र. ज. रोहम यांनी. भाषणाचा मसुदा मात्र आंबेडकरांचा होता, असे मानले जाते आणि त्यांच्या भाषणांच्या संग्रहात त्याचा समावेशही त्याच आधारावर झाला आहे. मूळ भाषण मराठीतून झाले व छापील पाठ इंग्रजीत आहे, हे ध्यानात घेतले तर आज फिरणारी मराठी अवतरणे ही बव्हंशी उलट भाषांतरे ठरतात. त्यांतील शब्दांवर फार भार देऊ नये. ‘आंबेडकरांचे भाषण’ म्हणण्यापेक्षा ‘आंबेडकरांनी तयार केलेले, रोहम यांनी केलेले भाषण’ म्हणणे अधिक सुरक्षित वाटते.

भाषणातील युक्तिवाद दोन दिशांनी जातो. एक गरिबीचा : खाणारी तोंडे वाढतात, जमीन वाढत नाही. दुसरा बाईच्या जिवाचा. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रियांच्या प्रकृतीची जी हानी होते तिच्याविषयी बोलताना, प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर आयुष्यात एकापेक्षा जास्त मूल कोणी होऊ दिले नसते, असे एक विधान येते. आजही सर्वाधिक उद्धृत होते ते हेच.

ठरावाच्या बाजूने ११ आणि विरुद्ध ५२ मते पडली.

या विचाराचा उगम कोठे, यावर दोन मते दिसतात. काही अभ्यासक तो र. धों. कर्वे यांच्या सहवासाशी जोडतात. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते. त्यांच्या मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले होते. तो खटला ते हरले व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हा संबंध खराच, परंतु तेवढ्यावरून ठरावाची आर्थिक मांडणी उलगडत नाही. शेतीवर पोसली जाणारी जास्तीची माणसे हा विषय आंबेडकरांच्या १९१८ मधील लहान शेतजमिनींवरील निबंधात आणि ऑक्टोबर १९२७ मधील धारणजमीन (लहान शेतजमिनींविषयीच्या) विधेयकावरील भाषणात आधीच येऊन गेला आहे. ठराव त्याच विचाराचा पुढचा टप्पा असावा, असे मानणारे दुसरे मत पुराव्याला अधिक धरून आहे.

राज्यकारभार : ग्रामपंचायत विधेयकावर ६ ऑक्टोबर १९३२ रोजी केलेले भाषण या गटात सर्वांत महत्त्वाचे. जातीने बांधलेल्या गावात पंचायतीला सत्ता, त्यातही न्यायदानाची सत्ता देणे अस्पृश्यांना घातक ठरेल. द्यायचीच तर राखीव जागांची हमी हवी, ही त्यांची भूमिका. आरोग्याशी या भाषणाचा संबंध सहसा जोडला जात नाही. पण गावचे पाणी आणि दवाखाना कोणाच्या अखत्यारीत, हा प्रश्न येथे ओघाने येतोच. कौन्सिलचे सभासद सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी याच कौन्सिलात मांडलेल्या ठरावात विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर सार्वजनिक दवाखान्यांचाही उल्लेख होता. ठराव पास झाला. तळ्यावर जाण्यासाठी मात्र १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला.

मंत्र्यांच्या पगाराच्या विधेयकावर (२३ ऑगस्ट १९३७) ते लोकप्रियतेची पर्वा न करता बोलले. काँग्रेस मंत्र्यांनी ५०० रुपये वेतन घेण्याचे ठरवले होते. वेतन ठरवताना राहणीमान, पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता अशा चार कसोट्या लावाव्यात, असे त्यांनी सुचवले. गरीब देशात मंत्र्याने गरिबीने राहावे ही कल्पना त्यांना पटणारी नव्हती.

केंद्रीय कायदेमंडळ : येथे भूमिका बदलली. आता उत्तर देणारे ते होते. २९ जुलै १९४३ रोजी त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या १९४१ च्या कायद्यातील संदिग्धता दूर करणारे छोटेखानी दुरुस्ती विधेयक मांडले. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ बी. पी. अडारकर यांची नेमणूक त्याच वर्षी झाली. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला.

या काळातील एक भाषण गौरवग्रंथांतून बहुधा गाळले जाते. कोळसाखाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धकाळात कोळसा कमी पडल्याने सरकारने १९४३ मध्ये ती उठवली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी सभागृहात त्यावर टीका झाली, तेव्हा निर्णयाचे समर्थन आंबेडकरांना करावे लागले. हा उपाय तात्पुरता आहे, कोळशाची निकड खरी आहे आणि खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्याकडील उद्योगात प्रथमच मान्य होत आहे, यावर त्यांनी भर दिला. १९२८ च्या भाषणातील मालकाच्या खास फायद्याचा मुद्दा येथे या दुसऱ्या टोकाने परत आलेला दिसतो. बंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली.