मोबाइल टॉवरसाठी जागा देणे: अर्जदार कोण, कागदपत्रे कोणती

शेतात किंवा सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर यावा म्हणून जागामालकाने सरकारकडे करावा असा कोणताही अर्ज नाही. जागेची निवड मोबाइल किंवा टॉवर कंपनीच आपल्या नेटवर्कच्या गरजेनुसार करते. त्यामुळे ‘टॉवर मंजूर झाला आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा निरोप आला तर तो फसवणुकीचाच समजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) अशा कामासाठी ना हरकत प्रमाणपत्र देत नाही आणि शुल्कही आकारत नाही. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी.

टॉवर उभारण्याच्या परवानगीसाठी अर्जदार म्हणून पात्र ठरते ती परवानाधारक दूरसंचार कंपनी किंवा दूरसंचार विभागाकडे ‘आयपी-1’ (पायाभूत सुविधा पुरवठादार) नोंदणी असलेली टॉवर कंपनी. करारापूर्वी या नोंदणीची प्रत मागून घ्यावी. मालकाच्या बाजूने सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, सहहिस्सेदारांची संमती आणि सोसायटी असल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

कंपनीच्या कागदपत्रांत रेडिओ लहरींसंबंधीची ‘सॅक्फा’ या सरकारी समितीची मंजुरी असते, पण मालकाने सर्वांत बारकाईने पाहावे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र. पोलादी जाळीच्या टॉवरला स्वतःच्या वजनापेक्षा वाऱ्याची भीती अधिक असते, कारण वादळात एका बाजूचे पाय खाली दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे उपटले जाऊ पाहतात. इमारतींवरील भारांसाठीच्या आयएस 875 (भाग 3) या भारतीय मानकात वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर, तर पुण्यासाठी 39 मीटर धरला आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने इतर बाबी सारख्या असता मुंबईत तो सुमारे सव्वापट भरतो. एका शहरासाठी केलेले गणित दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाही ते यामुळेच. गच्चीवर हा भार स्लॅबवर न पडता खांबांपर्यंत पोहोचतो की नाही, हे जुन्या इमारतीत मुद्दाम विचारावे.

सार्वजनिक जागेसाठी कंपनी ऑनलाइन अर्ज करते. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या मार्गाधिकार (दूरसंचार सुविधा उभारण्यासाठी जागा वापरण्याच्या) नियमांनुसार त्यावर 67 दिवसांत निर्णय अपेक्षित असून, तो न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. खासगी जागेत मात्र मालकाशी होणारा करार हाच पाया असतो.

अँटेना सुरू करण्यापूर्वी किरणोत्सर्ग मर्यादेत असल्याचे स्वप्रमाणपत्र कंपनीने दूरसंचार विभागाला द्यावयाचे असते. करारात भाडेवाढ, डिझेल जनरेटरची जागा आणि मुदत संपल्यावर टॉवर कोणाच्या खर्चाने उतरवायचा, ही कलमे स्पष्ट लिहून घेऊन तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा.