उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न

मोठ्या पंपाच्या किंवा पंख्याच्या मोटरीजवळ भिंतीवर पुष्कळदा एक करडे खोके, म्हणजे कंपनमापक, बसवलेले असते. त्यातून निघालेली वायर बेअरिंगवरच्या सेन्सरपर्यंत जाते आणि मोटर किती थरथरते आहे हे ते खोके रात्रंदिवस मोजत असते. रोटरचा तोल गेला, कपलिंग सरळ रेषेत राहिले नाही, बेअरिंगच्या गोळीवर ओरखडा उमटला, तर बदल आधी कंपनात दिसतो. आवाज, उष्णता आणि धूर पुढचे. म्हणून हे आकडे मोलाचे असतात. पण खोके पंधरा-वीस वर्षांचे झाले की वेगळीच पंचाईत होते. मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, सोबत आलेले सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालणारे आणि तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेला. खोके धडधाकट आहे, अचूक मोजतेही आहे, पण त्याचे बोलणे कळणारे कोणी उरलेले नाही.

हे बोलणे, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बाइटांची (० ते २५५ मधल्या आकड्यांची) ठरलेली रचना, कागदपत्रांशिवायही उकलता येते. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. ही कॉम्प्युटरवाल्यांची जादू आहे असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत जरा निराळे आहे. कंपनमापकाच्या बाबतीत निम्म्याहून अधिक काम अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र करते.

१८३७ साली जुन्या लिप्यांचा अभ्यासक जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे पाहत होता. ब्राह्मी लिपी तेव्हा धड कोणाला वाचता येत नव्हती. बऱ्याच लेखांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होतो हे त्याच्या ध्यानात आले. कठड्याच्या एकेका दगडावर एवढासा मजकूर कोरलेला असेल तर ती देणगीदाराची नोंदच असणार, असा तर्क करून त्याने ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली आणि मग बाकीची लिपी भराभर उलगडत गेली. मजकुरात काय असणार हे आधी ओळखायचे आणि मग अक्षरांकडे वळायचे, ही त्याची वाट. कंपनमापकाशी बोलताना आपण प्रिन्सेपपेक्षा सुदैवी आहोत, कारण ‘मजकूर’ आपल्याला स्वतःच ठरवता येतो.

पण आधी विजेची बाजू. जुन्या खोक्यांवर बहुधा आरएस-२३२ असते. तारेवरून आकडे पाठवण्याचे हे मानक १९६० मधले. त्यात १ हा अंक उणे ३ ते उणे १५ व्होल्टने आणि ० हा अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टने दाखवतात. कोणी बोलत नसताना तार १ वर, म्हणजे ऋण व्होल्टेजवर असते. नव्या मायक्रोकंट्रोलरची पिन थेट तिला जोडली तर ती जळण्याचीच शक्यता जास्त. मध्ये पातळी बदलणारी चिप लागते; १९८७ मध्ये आलेली मॅक्स२३२ यासाठी प्रसिद्ध आहे. सुरुवातीला फक्त ऐकायचे, बोलायचे नाही. जुने सॉफ्टवेअर मिळाले तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) एक्सपी बसवून ते चालवायचे आणि पोर्टच्या दोन व तीन क्रमांकाच्या पिनांवर वेगवेगळे कान लावायचे. एका तारेवर प्रश्न जातो, दुसरीवरून उत्तर येते. ग्राउंडची पिन पाचवी.

वेग किती ते विचारावे लागत नाही. तारेवरचे स्पंद पडद्यावर दाखवणाऱ्या लॉजिक अ‍ॅनालायझरवर सर्वांत अरुंद स्पंद १०४ मायक्रोसेकंदांचा दिसला तर ९६००, ५२ चा दिसला तर १९२०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट (० किंवा १). ९६०० वर एक बाइट पाठवायला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून साधारणतः १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट.

हा ९६० आकडा बरेच काही सांगून जातो. तिन्ही दिशांची कंपने सेकंदाला हजार वेळा मोजून प्रत्येक मोजणी दोन बाइटांत पाठवायची तर ६००० बाइट लागतील, आणि ते या तारेत मावतच नाहीत. म्हणजे सतत येणाऱ्या छोट्या उत्तरांत कच्ची लहर असणे शक्य नाही. तिथे हिशेब करून काढलेली सरासरी मूल्येच असणार. लहर येत असेल तर ती आधी साठवून, मग सावकाश ओतलेली. सॉफ्टवेअरमधले ‘वेव्हफॉर्म’ बटण दाबल्यावर तार चार सेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळ अखंड बोलत राहिली तर गुणाकार करून पाहावा: २०४८ मोजण्या, प्रत्येकी दोन बाइट, एकूण ४०९६ बाइट, ९६० च्या वेगाने ४.२७ सेकंद. आणि २०४८ का, तर वर्णपट (कंपनात कोणती वारंवारता किती आहे ते) काढण्याच्या प्रचलित गणिती पद्धतीला दोनच्या घातातली संख्या सोयीची पडते. एकही बाइट न वाचता एवढे कळते.

मग बाइटांकडे वळायचे. पहिला संशय मॉडबसचा घ्यावा. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यांतल्या कंट्रोलरांसाठी आणलेला हा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली रीत, आजही जगभर चालतो आणि ‘आमचा खास प्रोटोकॉल’ म्हणून मिरवणाऱ्या खोक्यांच्या पोटातही तोच निघतो. प्रश्न १, ३, ०, ०, ०, १०, १९७, २०५ असा दिसला तर शोध तिथेच संपला: एक नंबरच्या उपकरणा, शून्यापासून दहा रजिस्टरे (आकडे ठेवायच्या जागा) वाचून दाखव. शेवटचे दोन आकडे तपासणीचे. तारेवर एखादा बिट उलटा झाला तर हा हिशेब जुळत नाही आणि उत्तर टाकून दिले जाते.

मॉडबस नसेल तर खरी मजा सुरू होते. स्थिर गुरुत्वही मोजणारा, म्हणजे मोबाइल फोनमध्ये असतो त्या जातीचा मेम्स सेन्सर असेल, तर तो टेबलावर सपाट ठेवा, नोंद घ्या, उलटा करा, पुन्हा नोंद घ्या. पृथ्वीने तुम्हाला अधिक एक आणि उणे एक ‘जी’ (गुरुत्वाचे त्वरण) अशी दोन ठाम उत्तरे फुकट दिली आहेत. आता पहिल्या नोंदीत कुठे ३, २३२ आणि दुसरीत त्याच जागी २५२, २४ असेल तर ते अधिक १००० (३ गुणिले २५६ अधिक २३२) आणि उणे १००० (ऋण संख्या ६५५३६ मधून वजा करून लिहितात) आहेत. म्हणजे एकक मिली-जी, आणि मोठा बाइट आधी. सेन्सर कडेवर उभा केला की ही जोडी शून्याच्या आसपास येते आणि बारीकशा थरथरीने कधी ०, १ तर कधी २५५, २५५ होते. शून्याजवळ असताना २५५ वर उडी मारणारे बाइट दिसले की ऋण संख्या सापडल्या असे खुशाल समजावे. ३ आणि २३२ ऐवजी ६५, २८, २४५, १९५ असे चार बाइट मिळाले तर ती दशांश संख्या आहे: ९.८१, एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. उलटा केल्यावर पहिला बाइट १९३ होईल, कारण चिन्हाचा बिट तिथेच असतो.

कारखान्यांत मात्र पीझो सेन्सर (दाब पडला की वीज देणाऱ्या स्फटिकाचे) जास्त, आणि त्यांना स्थिर गुरुत्व जाणवत नाही. त्यांच्यासाठी हातात धरायचा कॅलिब्रेटर मिळतो. तो १५९.१५ हर्ट्झने आणि १० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) त्वरणाने हलतो. ही विचित्र वारंवारता मुद्दाम निवडलेली आहे. तिला दोन पायने गुणले की बरोबर १००० येतात. वेग काढायला त्वरणाला या १००० ने भागायचे, विस्थापनासाठी पुन्हा एकदा भागायचे. परिणामी त्वरण १०, वेग १० मिलिमीटर प्रति सेकंद आणि विस्थापन १० मायक्रॉन, तिन्ही एकाच वेळी! उत्तरात ज्या तीन जागा एकदम जाग्या होतात त्या आपल्या. एका जागी १०० आणि दुसऱ्या जागी १००० असेल तर कोणत्या आकड्याला किती दशांश स्थळे आहेत तेही कळले. विस्थापनाच्या जागी १० च्या ऐवजी २८.३ निघाले तर खोके टोकापासून टोकापर्यंतचे अंतर सांगते आहे, आरएमएस नव्हे.

या युक्तीत एक खोच आहे. तिन्ही आकडे सारखेच, मग कोणता कशाचा? त्यासाठी दुसरी वारंवारता हवी. मिनिटाला १५०० फेऱ्या, म्हणजे २५ हर्ट्झने कंपन होत असेल तर १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाला सुमारे ६.४ मिलिमीटर प्रति सेकंद वेग आणि ४०.५ मायक्रॉन विस्थापन असते. सावकाश कंपनात विस्थापन फुगते, जलद कंपनात त्वरण. मोटरीच्या खऱ्या कंपनात अनेक वारंवारता मिसळलेल्या असल्याने गुणोत्तर तंतोतंत येत नाही, पण तिन्हींतला कोण कोण हे ओळखायला पुरते.

सेटिंगच्या बाइटांत मात्र ओळखीचे आकडे आयतेच सापडतात. मध्यम आकाराच्या, १५ ते ७५ किलोवॅटच्या यंत्रांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या जुन्या मानकातल्या कंपनवेगाच्या सीमा १.१२, २.८ आणि ७.१ मिलिमीटर प्रति सेकंद अशा आहेत. अलार्म आणि ट्रिपसाठी (यंत्र आपोआप बंद पाडण्यासाठी) बनवणारे पुष्कळदा त्याच भरून ठेवतात. म्हणून १, २४ आणि जवळच २, १९८ दिसले तर ते २८० आणि ७१०, म्हणजे शंभरपट केलेले २.८ आणि ७.१.

इथेच सावधही व्हायला हवे. ही ट्रिपची मर्यादा वाचता येते तशी लिहिताही येते. कोणता आदेश काय करतो ते पाहू म्हणून एकामागून एक क्रमांक पाठवत सुटणे हा या कामातला सर्वांत वाईट उद्योग. त्यांतला एखादा कॅलिब्रेशन पुसतो, एखादा रिले पाडतो, आणि खोके चालू पंपाला जोडलेले असेल तर पंप बंद पडतो. किंवा त्याहून वाईट, बंद पडायला हवा तेव्हा पडत नाही. प्रयोग टेबलावर, यंत्रापासून सोडवलेल्या खोक्यावरच करावेत.

कायद्याचे म्हणाल तर भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती कायदेशीर धारकाने काढून घेतली तर ते उल्लंघन नाही. अट एवढीच की ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. खरेदीच्या करारात आणखी काय लिहिले आहे ते वेगळे तपासावे. बनवणाऱ्याला आधी एक पत्र लिहून माहिती मागावी हे बरे. कधी कधी ती चक्क मिळते, आणि मग वर लिहिलेल्यातले काहीच करावे लागत नाही.

एवढे करूनही प्रत्येक उत्तरात अर्थ न लागलेले काही बाइट शिल्लक राहतात. त्यांना निराळा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो वेळाचा असतो. खोके थंड असताना चालू करून तासभर नोंदी घ्याव्यात. पहिला अर्धा तास हळूहळू चढून मग स्थिरावणारा बाइट बहुधा खोक्याच्या आतले तापमान असतो. दर उत्तराला एकाने वाढून २५५ नंतर पुन्हा शून्यावर येणारा म्हणजे मोजणीचा क्रमांक. अलार्मचा दिवा लागताच एखादाच बिट बदलणारा म्हणजे स्थितीचा बाइट. जे कधीच हलत नाहीत त्यांच्यापुढे वहीत ‘राखीव’ लिहावे आणि ग्राफ काढायला लागावे.