पाडव्याआधी पालवी फुटली म्हणजे हवामान बिघडलं?

दर फाल्गुनात फिरणारा एक मेसेज: ‘यंदा पाडव्याच्या आधीच झाडांना पालवी आली, हा तापमानवाढीचा पुरावा.’

काळजी खरी आहे, मोजपट्टी मात्र चुकली आहे. पाडवा चांद्रतिथीवर ठरतो, त्यामुळे तो सरकतो. 2023 मध्ये तो 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला. म्हणजे खानापूरच्या रानातल्या कोशिंबाला दोन्ही वर्षी 28 मार्चला लाल पालवी आली असती, तर एकदा ती ‘उशिरा’ ठरली असती आणि एकदा ‘लवकर’! झाड तेच, तारीखही तीच.

मग तापमानवाढीचा परिणाम होतच नाही का? होतो. युरोपसारख्या थंड प्रदेशात कळ्या उबेची वाट बघत असतात, म्हणून तिथली पालवी गेल्या काही दशकांत लवकर येऊ लागली आहे. तिथेही एक मेख आहे. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही, तर काही झाडं उलट उशिरा जागी होतात. आपल्याकडे ऊब मुळात कमी नसतेच. इथल्या पानगळीच्या झाडांचं गणित जमिनीतली ओल, मुळांची खोली, पानगळ कधी झाली आणि दिवस किती मोठा झाला यावरही चालतं. म्हणून एकाच बांधावरचे दोन पिंपळसुद्धा वेगवेगळ्या आठवड्यांत पालवतात.

पडताळायचं असेल तर दारातलं एकच झाड धरा. पहिलं पान उलगडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर इंग्रजी तारीख लिहा, तिथी नको. अशा दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी झाल्या, की कल दिसू लागतो.